वरच्या थराची तालीम

श्रीकृष्णजन्माच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे श्रावण वद्य नवमीस, महाराष्ट्रांत गोपाळकाला साजरा होतो. मुंबईंत त्या दिवसास दहीहंडी असें म्हणतात. उंच टांगलेलें मडकें, त्याच्या खालीं रचलेला माणसांचा मनोरा, आणि त्या मनोऱ्याच्या टोकावर चढून मडक्यास हात घालणारें एक लहान मूल, हें दृश्य आतां सर्वांच्या परिचयाचें झालें आहे. कोणत्या पथकानें किती थर लावले, बक्षीस किती मिळालें, यांची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ होते. परंतु टोकावरच्या त्या मुलास तेथवर पोंचण्याची विद्या कोण शिकवितो, ती कोणत्या क्रमानें शिकवावयाची असते, आणि ती शिकविणाऱ्याच्या शिरावर कोणतें उत्तरदायित्व येतें, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः दहीहंडीचा इतिहास हा बऱ्याच अंशीं त्या एका मुलाच्या शिक्षणाचा इतिहास आहे.

या प्रथेचें मूळ श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधांतील बाळलीलांत सांपडतें. गोकुळांतल्या गोपी यशोदेकडे गाऱ्हाणें घेऊन येतात. शिंक्यावर ठेवलेलें दहीलोणी हातास येईना, म्हणजे हा मुलगा पाट आणि उखळ यांचा आधार करून वर चढतो, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणजे मूळ कथेंत चढण्याचें साधन घरांतलें, लाकडाचें आहे. माणसांच्या खांद्यांचा जिना ही लोकांनीं त्या कथेंत घातलेली भर होय. वारकरी संप्रदायानें काल्यास आणखी एक अर्थ दिला. प्रत्येकाची शिदोरी एकत्र कालवावयाची आणि ती सर्वांनीं मिळून खावयाची, त्यांत उच्चनीच पाहावयाचें नाहीं, हा तो अर्थ. पंढरपुराजवळ गोपाळपुरास आषाढी पौर्णिमेस असा काला होतो, आणि गांवोगांवच्या हरिनाम सप्ताहाची समाप्तिहि काल्याच्या कीर्तनानें होते. एकाचा भार अनेकांनीं वाहावा, आणि मिळालेलें सर्वांनीं वांटून घ्यावें, हा या सणाचा गाभा आहे. पुढील विवेचनांत हा गाभा ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

कोंकण आणि घाट या दोन्ही मुलखांतून गिरण्यांत व गोदींत कामास आलेल्या लोकांनीं हा सण मुंबईच्या चाळींत रुजविला. गिरगांव, लालबाग, परळ, माझगांव या भागांत दोन चाळींमध्यें दोर बांधून हंडी टांगीत. गॅलरींत उभे असलेले लोक खालच्या गोविंदांवर पाणी ओतीत. हंडीची उंची चाळीच्या मजल्यांवरून ठरे, आणि चारपांच थरांत काम भागे. वर चढविण्यास आळींतलाच एखादा हलका आणि चपळ मुलगा निवडीत. त्याचे वडील, चुलते, शेजारी खालच्या थरांत उभे असत. त्यामुळें त्या मुलाच्या जिवाची काळजी कोणी वेगळी सांगावी लागत नसे.

चढण्याचें शास्त्र मात्र महाराष्ट्रांत त्यापूर्वींच सिद्ध झालेलें होतें. तें म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं या विद्येचें पुनरुज्जीवन केलें, असें मानलें जातें. कुस्तीगीराचें अंग लवचीक व्हावें, पकड घट्ट व्हावी, आणि जमीन सुटली तरी चित्त स्थिर राहावें, हा तिचा हेतु होता. पुढें या विद्येस मोठ्या संस्थांचा आश्रय मिळाला. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें, व १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं त्याच्या पथकानें देशी व्यायामाचे प्रयोग करून दाखविले. मुंबईंत दादरच्या शिवाजी पार्कवर श्रीसमर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून मुलामुलींस ही विद्या शिकवीत आलें आहे. तेथील ज्येष्ठ शिक्षक श्री. उदय देशपांडे यांस २०२४ सालीं पद्मश्री मिळाली. मल्लखांबाच्या शिक्षणांत एक नियम प्रथमपासून दिसतो. साधी पकड पक्की झाल्यावांचून पुढची उडी शिकवीत नाहींत, आणि चढण्याइतकेंच उतरणेंहि शिकवितात. दहीहंडीच्या शिक्षकांनीं या तालमीपासून घ्यावयाचा धडा नेमका हाच आहे.

१९८२ सालच्या जानेवारींत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरणगांव विरळ होत गेलें, आणि मराठी कुटुंबें उपनगरांकडे सरकूं लागलीं. दिंडोशी हें त्या स्थलांतराचें एक ठिकाण होय. मालाड-गोरेगांवच्या पूर्वेस डोंगराच्या उतारास टेकलेलें हें मूळचें गांव. त्याच्या पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचें अरण्य लागतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें वसाहतींमागून वसाहती उठल्या. श्रीमती मृणाल गोरे व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली नागरी निवारा ही वसाहत त्यांपैकींच एक. २००९ च्या निवडणुकीपासून दिंडोशी हा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघहि झाला. चाळ सुटली तरी चाळीचे सण सुटले नाहींत. गुरुपौर्णिमेस नारळ वाढवून सराव सुरू करावा, दिवसभराचें काम आटोपून रात्रीं मैदानांत जमावें, आणि पावसांत निसरड्या झालेल्या जमिनीवर थर लावावेत, ही रीति उपनगरांतहि तशीच चालू राहिली.

इतकेंच नव्हे, तर दहीहंडीचें नेतृत्वच हळुहळू उपनगरांकडे आलें. दिंडोशीहून दक्षिणेस गोरेगांव ओलांडलें कीं जोगेश्वरी लागते. तेथील जय जवान गोविंदा पथकानें १० ऑगस्ट २०१२ रोजीं ठाण्यास नऊ थरांचा मनोरा उभा केला. त्याची उंची ४३.७९ फूट, म्हणजे १३.३४ मीटर भरली, आणि गिनीज बुकांत तिची नोंद झाली. पुढें १६ ऑगस्ट २०२५ रोजीं जोगेश्वरीच्याच कोंकण नगर गोविंदा पथकानें ठाण्यास दहा थर लावून दाखविले. चाळीच्या दोन मजल्यांवरची हंडी अशा रीतीनें चार मजल्यांच्या पलीकडे गेली. या वाढीमागें पथकांची जिद्द होती, तशीच लक्षावधि रुपयांचीं बक्षिसें आणि तीं देणाऱ्या राजकीय पुढाऱ्यांची चढाओढहि होती. उंची वाढली, परंतु टोकावर उभें राहणारें मूल पूर्वीं होतें तेवढेंच राहिलें. त्याच्या शिक्षणाचा प्रश्न येथूनच गंभीर झाला.

मनोऱ्याची रचना समजून घेतल्यास हें अधिक स्पष्ट होईल. सर्वांत खालीं धिप्पाड माणसांचें कडें असतें, आणि त्यास बाहेरून शेंकडों हात रेटून धरतात. वरच्या थरांत माणसें कमी कमी होत जातात. अगदीं वर एकाच्या खांद्यावर एक असे एकेकटे गोविंदा उभे राहतात. त्यांस एक्के म्हणण्याचा प्रघात आहे. शेवटचें मूल उभें राहतें तें एकाच माणसाच्या दोन खांद्यांवर. प्रौढ मनुष्याचें वजन ६५ किलो आणि दहा वर्षांच्या मुलाचें २५ किलो धरलें, तर वरच्या एक्क्यास ४० किलोंचा भार कमी वाहावा लागतो, आणि ही बचत खालच्या प्रत्येक थरास मिळते. मूल वर चढविण्याचें कारण एवढेंच आहे. त्यांत भक्ति असेल, कौतुक असेल. पण मूळ हिशेब वजनाचा आहे.

आतां दुसरा हिशेब पाहावा. बारा मीटर उंचीवरून मोकळा सुटलेला देह सुमारें दीड सेकंदांत भूमीस पोंचतो. त्या वेळीं त्याचा वेग ताशीं सुमारें ५५ किलोमीटर असतो. दीड सेकंदांत खालच्या माणसास वर पाहून, अंदाज घेऊन, हात पसरण्यास सवड मिळत नाहीं. म्हणून पडणाऱ्यास झेलण्याची सिद्धता तो पडण्यापूर्वींच झालेली पाहिजे. ज्यांनीं हा हिशेब समजून घेतला नाहीं, त्यांनीं मुलास वर पाठविण्याचा अधिकार मागूं नये.

चांगला शिक्षक या विद्येचे टप्पे पाडतो. पहिला टप्पा जमिनीवरचा असतो. मुलास एका बसलेल्या गोविंदाच्या खांद्यावर उभें करावयाचें, आणि तो गोविंदा हळुहळू उठेपर्यंत तोल सांभाळण्यास शिकवावयाचें. पाय खांद्यावर कोठें ठेवावा, मानेवर भार कां येऊं देऊं नये, गुडघे किंचित् सैल कां ठेवावे, हें येथेंच कळतें. दुसरा टप्पा चढण्याचा. मांडी, कंबरेस घट्ट बांधलेल्या वस्त्राचा आधार, मग खांदा, अशा पायऱ्या ठरलेल्या असतात. त्यांत घाई केली तर खालचा मनुष्य कलतो, आणि फार वेळ लावला तर तो थकतो. तिसऱ्या टप्प्यांत तीन व चार थर लावून मुलास वर नेतात. दृष्टि खालीं न नेतां समोर एका ठिकाणीं स्थिर करणें, आणि दोन्ही हात सोडून सलामी देणें, हा येथील अभ्यास होय. हात सोडणें हें दिसावयास शोभेचें वाटलें तरी ती खरी परीक्षा आहे. कारण पकड सुटल्यावरहि ज्याचा तोल राहतो, त्यालाच पायांवर उभें राहतां आलें असें म्हणतां येतें.

चौथा टप्पा उतरण्याचा, आणि तो सर्वांत कठीण आहे. मूल वर पोंचतें, टाळ्या पडतात, ताशा वाजूं लागतो, आणि पाहणाऱ्यांस वाटतें कीं कार्य संपलें. परंतु त्याच क्षणीं खालचे थर सर्वांत अधिक थकलेले असतात, त्यांचे पाय कांपूं लागलेले असतात, आणि आनंदाच्या भरांत कडें सैल होण्याचा संभव असतो. चढण्याच्या वेळीं मनोरा थर-थर बांधला जातो. उतरण्याच्या वेळीं तो त्याच क्रमानें, उलट दिशेनें, सोडविला गेला पाहिजे. म्हणून मूल जमिनीवर येईपर्यंत एकाहि माणसानें जागा सोडूं नये, आणि मूल खालीं आल्यावांचून थर लागला असें समजूं नये, हा नियम पथकाच्या अंगीं मुरविणें हें शिक्षकाचें मुख्य काम आहे. मुलास शिकविण्याइतकेंच मुलाच्या खालच्या माणसांस शिकवावें लागतें, तें यासाठीं.

या चारहि टप्प्यांत एक गोष्ट समान आहे. पुढच्या थरावर केव्हां जावयाचें, हें मुलाच्या धिटाईवरून ठरविणें चूक होय. धीट मूल भीति सांगत नाहीं; आणि भित्रें मूल वडीलधाऱ्यांच्या भीडेनें ती लपवितें. म्हणून शिक्षकानें आधींची पायरी अनेक वेळां, निरनिराळ्या दिवशीं, ओल्या अंगानें व दमलेल्या स्थितींत, निर्दोष होते कीं नाहीं, हें पाहावें लागतें. मुलानें नको म्हटलें तर तो शब्द अखेरचा समजावा लागतो. आईबापांची संमति कागदावर घेतली, म्हणजे मुलाचीहि घेतली असें होत नाहीं.

जगांत इतरत्र हाच प्रश्न कसा सोडविला गेला, हें पाहणें उद्बोधक आहे. स्पेनमधील कातालोनिया प्रांतांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून माणसांचे मनोरे रचण्याची परंपरा आहे. तेथेंहि टोकावर लहान मूल चढतें, हात वर करून खूण करतें, आणि दुसऱ्या बाजूनें उतरतें. तेथील पंच चढलेला मनोरा आणि निर्विघ्न उतरलेला मनोरा यांत भेद करतात. उतरतांना कोसळलेल्या मनोऱ्यास कमी मान मिळतो. २००६ सालीं तेथें एका बारा वर्षांच्या मुलीचा पडून मृत्यु झाला. त्यानंतर वरच्या मुलांनीं शिरस्त्राण घालण्याची पद्धति सार्वत्रिक झाली. २०१० सालीं युनेस्कोनें या परंपरेस मानवी वारशाच्या यादींत स्थान दिलें. म्हणजे शिरस्त्राणानें परंपरा बुडाली नाहीं, हें त्यांच्या अनुभवावरून दिसतें.

अमेरिकेंत याच जातीची दुसरी विद्या वाढली. १८९८ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत फुटबॉलच्या सामन्याच्या वेळीं प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेण्यापासून चीअरलीडिंगचा आरंभ झाला. पुढें त्यांत कोलांट्या आणि माणसांचे मनोरे आले, आणि आतां तो स्पर्धेचा खेळ झाला असून २०२१ सालीं त्याच्या जागतिक संघटनेस आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली. वर फेंकल्या जाणाऱ्या मुलीस तेथें फ्लायर म्हणतात, खालच्यांस बेस, आणि केवळ झेलण्यासाठीं उभ्या राहणाऱ्यास स्पॉटर. या खेळांत श्रेणी ठरलेल्या असतात, आणि कोणत्या श्रेणींत किती उंच जातां येतें, कोणती कसरत करतां येते, हें नियमांनीं बांधलेलें असतें. खालची श्रेणी अंगवळणीं पडल्यावांचून वरची शिकवूं नये, असा तेथील शिक्षकांचा दंडक आहे. झेलणारा हा त्या रचनेचा घटक मानला आहे, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. आपल्याकडेहि बाहेरचें कडें हेंच काम करतें. परंतु गर्दी, गाणीं आणि छायाचित्रें यांच्या गडबडींत कडें धरणाऱ्याची नजर वर राहत नाहीं, हा आपला दोष आहे.

महाराष्ट्रांत हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला. २०१४ च्या ऑगस्टमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें अठरा वर्षांखालील मुलांस मनोऱ्यांत घेऊं नये आणि मनोरा वीस फुटांहून उंच नसावा असा आदेश दिला. त्यास त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाकडून स्थगिति मिळाली. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वीस फूट व अठरा वर्षें या मर्यादा पुन्हां कायम केल्या. प्रकरण फिरून उच्च न्यायालयाकडे आलें. आणि ७ ऑगस्ट २०१७ रोजीं त्या न्यायालयानें उंचीवर बंधन न घालतां, चौदा वर्षांखालील मुलांस भाग घेऊं दिला जाणार नाहीं हें राज्य सरकारचें म्हणणें नोंदवून घेतलें. शिरस्त्राण, सुरक्षादोर आणि गाद्या यांचीहि अपेक्षा ठेवण्यांत आली. २०२० व २०२१ हीं दोन वर्षें साथीमुळें सार्वजनिक हंड्या बंद होत्या. २०२२ च्या ऑगस्टमध्यें मुख्यमंत्र्यांनीं विधानसभेंत दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, आणि २०२३ पासून वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहांत प्रो गोविंदा या नांवाच्या स्पर्धाहि सुरू झाल्या.

या नियमाचा परिणाम वजनाच्या हिशेबाशीं ताडून पाहिला पाहिजे. चौदा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या मुलाहून बराच जड असतो. तेव्हां नियम पाळणाऱ्या पथकापुढें दोनच मार्ग उरतात. एक तर एक थर कमी लावावा, किंवा खालच्या माणसांनीं अधिक वर्षें, अधिक कसून तालीम करावी. तिसरा मार्ग नियम मोडण्याचा आहे. सरावाचें ठिकाण आपल्याच वसाहतींतलें, वेळ रात्रीची, पाहणारे सर्व आपलेच. अशा स्थितींत तो मोह सोपा होतो. २०२५ च्या ऑगस्टमध्यें, उत्सवास जेमतेम आठवडा उरला असतां, दिंडोशीच्या उत्तरेस दहिसर येथें सरावाच्या वेळीं वरच्या थरावरून पडून एका अकरा वर्षांच्या मुलाचा अंत झाला. ज्या मोसमांत दहा थरांचा विक्रम झाला, तोच हा मोसम होय. या दोन बातम्या एकाच वर्षाच्या आहेत, हें विसरून दहीहंडीचा इतिहास लिहितां येणार नाहीं.

यावरून दहीहंडी बंद करावी असा निष्कर्ष निघत नाहीं. ज्या वसाहतींत एरवीं शेजाऱ्याचें नांवहि ठाऊक नसतें, तेथें शेंदोनशें तरुण दीड महिना रोज रात्रीं एकत्र येतात, परस्परांचा भार खांद्यावर घेतात, व्यसनापासून दूर राहण्याची शिस्त पाळतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. मुलींचीं व स्त्रियांचीं स्वतंत्र पथकेंहि आतां थर लावतात, आणि घरच्या कामांतून वेळ काढून त्या सरावास येतात. शाळेंत मागें पडलेल्या कित्येक मुलांस पहिली शाबासकी या मैदानावर मिळते. हें सर्व राखावयाचें असेल, तर पथकाची प्रतिष्ठा थरांच्या संख्येवरून न मोजतां, शेवटचें मूल कितव्या वर्षीं चढलें, त्यानें किती महिने तालीम केली, आणि तें कसें उतरलें, यांवरून मोजण्याची संवय लागली पाहिजे. बक्षीस देणाऱ्यांनीं मनांत आणलें तर ही संवय एका वर्षांत लागेल. कारण वयाचा दाखला पाहिल्यावांचून आणि सुरक्षादोर बांधल्यावांचून बक्षीस नाहीं असें त्यांनीं ठरविलें, तर पथकें तो नियम मोडणार नाहींत. वर्षभर मल्लखांबाची तालीम केलेलीं चौदा वर्षांवरील मुलेंच वरच्या थरासाठीं निवडावीं, ही सुधारणाहि खर्चाची नाहीं. तिला फक्त बारा महिने लक्ष द्यावें लागेल.

भागवतांतल्या त्या मुलास पाट आणि उखळ यांवर चढतांना कोणी धरलें नव्हतें. आजच्या मुलाखालीं मात्र जिवंत माणसें असतात, आणि तीं आपल्यास धरतील या विश्वासावर तें वर जातें. दिंडोशी असो, जोगेश्वरी असो कीं दहिसर असो, ज्या मैदानांत हा विश्वास पहिल्या पायरीपासून कमावला जातो, तेथील हंडी पांच थरांची असली तरी ती काल्याच्या अर्थास धरून आहे. ज्या ठिकाणीं मुलास केवळ हलकें वजन म्हणून वर ढकललें जातें, तेथील दहा थरांनाहि तो अर्थ लाभत नाहीं.